न खेळलेला सामना



उन्हाळी सुट्टी लागली, की आपल्या घराघरांत खेळांचा हंगाम सुरू होतो. कुणाची मुलगी सॉकरच्या संघात असते, कुणाचा मुलगा बास्केटबॉल खेळतो, आणि शनिवार-रविवारी मोठी माणसेही टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळून घेतात. मैदानावरून परतणारी मुले अनेकदा प्रशिक्षकांचे एक वाक्य तोंडी घेऊन येतात : संघासाठी त्याग करावा लागतो, आणि जो सर्वांत आधी त्याग करतो तोच कर्णधार होतो. वाक्य चांगलेच आहे. परंतु ज्या समाजाकडून शतकानुशतके त्याग करवून घेतला गेला, त्या समाजाच्या वारसांनी ते ऐकताना क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. त्याग कोणी करायचा, कोणासाठी, आणि तो करायचा की नाही हे ठरवणार कोण?

हा प्रश्न हवेत सोडून देण्यापेक्षा एका खऱ्या संघाच्या इतिहासात शिरून पाहू. हा संघ मुंबईच्या चौरंगी सामन्यांतील हिंदूंचा. पालवणकर बंधू हे त्याचे खेळाडू होते. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत अशी ही चार भावंडे चांभार समाजात जन्मली. वडील लष्करात नोकरीला होते. थोरले बाळू यांचा जन्म धारवाडचा, पण ते वाढले पुण्यात. क्रिकेटशी त्यांचा संबंध प्रथम झाडूमुळे आला. पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते, आणि त्याचे दरमहा ३ रुपये मिळत. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार ४ रुपये झाला, आणि साहेबांना सरावासाठी नेटमध्ये चेंडू टाकण्याचे काम वाढले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळू डाव्या हाताने फिरकी टाकत, आणि ती इतकी घोटली गेली की पुढे भल्याभल्यांना तिचा थांग लागेना.

येथे एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पूना क्लबात बाळूंनी असंख्य चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. गोलंदाजी ही मजुरी आणि फलंदाजी हा मान, अशी ती वाटणी होती. मजुरी करणाऱ्याने मानाची अपेक्षा ठेवू नये, हा नियम आपल्या पूर्वजांना क्रिकेट येण्याच्या किती तरी आधीपासून पाठ होता.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे होते. त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सारे एकाच चेंडूला हात लावीत. मात्र खेळ थांबून चहाची वेळ झाली, की सवर्ण खेळाडू आत बसून चिनीमातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. जो चेंडू बाळूंच्या बोटांतून सुटला तो झेलताना विटाळ होत नव्हता, कारण त्या चेंडूवर गडी बाद होत होता. विटाळाचा हा हिशेब मोठा सोयीचा होता. बाळूंनी गडी बाद करून संघाला विजय मिळवून दिल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला हरकत कसली, असेही त्यांनी सवर्ण खेळाडूंना सुनावले. हे त्यांच्याविषयी आदराने नोंदवले पाहिजे.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली. मुंबईच्या मंडळींनी पुण्याच्या एक पाऊल पुढे टाकून त्यांना जिमखान्यात आपल्या पंक्तीला बसवले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू होते आणि शिवरामही होते. सुधारकी वृत्तपत्रांनी हा विजय जातिभेद बाजूला ठेवल्याचे फळ म्हणून वाखाणला. पुढे १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, पण त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक ठोकून संघाला विजय मिळवून दिला. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी तेव्हा महाविद्यालयात शिकत असलेल्या तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. त्या तरुणाला बाळूंच्या रूपाने काय दिसले असेल, याची कल्पना आपणांस करता येईल.

म्हणजे बाळूंना ताट मिळाले होते, टाळ्याही मिळाल्या होत्या. मिळत नव्हते ते कर्णधारपद.

कर्णधार म्हणजे नाणेफेकीला जाणारा माणूस एवढाच अर्थ घेऊ नये. क्रिकेटमध्ये कर्णधार हुकूम देतो. तू तिकडे उभा राहा, तू आता गोलंदाजी थांबव, तू खालच्या क्रमांकावर ये, असे तो सांगतो आणि इतरांनी ते ऐकायचे असते. ब्राह्मण खेळाडूला चांभाराच्या मुलासोबत एकदा जेवता आले असते, पण त्याच्या आज्ञेने मैदानात इकडून तिकडे धावणे ही अगदी निराळी गोष्ट होती. बाबासाहेबांनी पुढे १९३६ मध्ये ‘जातीचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात सहभोजनाच्या मर्यादा दाखवून दिल्या. त्यांचा तो मुद्दा समजावून सांगायला हिंदू संघाइतके सोपे उदाहरण आम्हांस दुसरे सापडत नाही. पंगत १९०६ मध्ये मोडली. आज्ञेची उतरंड मात्र तशीच राहिली.

१९१० नंतर दर हंगामात बाळूंना कर्णधार करावे, अशी मागणी होऊ लागली आणि दर हंगामात ती डावलली जाऊ लागली. १९१३ मध्ये एम. डी. पै हे सारस्वत ब्राह्मण खेळाडू कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या आपल्या मित्राला, बाळूंना, मिळायला हवा होता. सभेने हे ऐकून घेतले आणि व्यवहार होता तसाच चालू राहिला. बाळू खेळत राहिले, गडी बाद करत राहिले. संघाच्या भल्यासाठी त्यांनी मान गिळला, असे कुणी म्हणेल. या वाक्याशी आमचा वाद आहे.

पंचशीलातील दुसरे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. अदिन्नादानापासून अलिप्त राहणे, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. त्याचा अर्थ आपण बहुधा चोरी न करणे एवढाच लावतो. पण शब्द नीट ऐकला तर त्याचा पल्ला फार मोठा आहे. एखाद्याचे श्रम, त्याची ज्येष्ठता, त्याच्या हक्काची जागा त्याने न देताच काढून घेणे आणि वर त्यालाच त्याचा त्याग म्हणणे, हेही न दिलेले घेणेच आहे. दान ही पारमिता आहे, कारण दाता आपल्या मालकीची वस्तू आपल्या इच्छेने देतो. बाळूंकडे कर्णधारपद होतेच कुठे, की त्यांनी ते सोडावे? त्यांच्या त्या वर्षांना सहनशीलता म्हणा, गरज म्हणा, खेळावरचे प्रेम म्हणा. त्याग म्हणू नका. जो माणूस नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला संघभावना समजण्याची चूक प्रबळांकडून फार सहज होते.

नाही म्हणण्याची वेळ १९२० मध्ये आली. हे ‘मूकनायक’चे वर्ष. जानेवारीअखेर बाबासाहेबांचे पाक्षिक निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचा पहिला सामना मुसलमानांच्या संघाशी होता. कर्णधार पै आजारी होते. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तरीही अनुभवाने आणि कामगिरीने कर्णधारपदाला योग्य असे शिवराम आणि विठ्ठल संघात होते. निवड समितीने त्यांना ओलांडून पुण्याचे दि. ब. देवधर यांची निवड केली. देवधर उत्तम फलंदाज होते, याबद्दल दुमत नाही, आणि त्यांच्या खेळाचा मोठेपणा येथे कमी लेखायचा नाही. पण पालवणकर बंधूंपुढे प्रश्न देवधरांच्या गुणवत्तेचा नव्हताच.

शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. गुपचूप आजारपणाचे निमित्त सांगून त्यांनी हे केले नाही. निवड समितीने पक्षपात केला, जातीमुळे आम्हांला मागे ठेवले आणि थोरल्या भावाची उपेक्षा केली, हे त्यांनी वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडले.

या माघारीची किंमत आजच्या वाचकाला चटकन कळणार नाही. आज क्रिकेटपटूला बारा महिने सामने असतात. तेव्हा चौरंगी सामने वर्षातून एकदाच होत, आणि एका संघाच्या वाट्याला त्यांतले एक किंवा दोन सामने येत. एक सामना सोडणे म्हणजे वर्षाचे अर्धे पीक शेतात उभे असताना सोडून देणे होते. शिवाय गेलेली जागा परत मिळेल याची शाश्वती नव्हती. ज्यांच्या मागे जिमखाना नाही, संस्थान नाही, नात्यागोत्याची माणसे समितीवर नाहीत, अशा दोघा भावांनी हे केले. आणि त्या अनुपस्थितीत संघाचे काही अडलेही नाही. हिंदू संघ त्यांच्यावाचून खेळला आणि अंतिम सामन्यात पोहोचला. आम्हांस यातच त्या धैर्याचे खरे माप दिसते. आपल्यावाचून गाडा अडेल याची खात्री असताना रुसणे सोपे असते. गाडा पुढे निघून जाईल हे दिसत असताना उतरून रस्त्यावर उभे राहणे सोपे नसते.

सामना न खेळता ते दोघे त्या दिवशी नेते झाले, असे आम्ही म्हणू. हातची जागा त्यांच्या मालकीची होती. ती त्यांनी आपण होऊन सोडली, आणि सोडताना का सोडतो हे सांगितले.

या निवेदनानंतर बराच गवगवा झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तडजोड निघाली. पै कर्णधार म्हणून परतले, बंधू परत आले, बाळूंनाही बोलावले गेले आणि त्यांना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्यात काही वेळ पै स्वतः मैदानाबाहेर गेले. कर्णधार बाहेर गेला की संघाची सूत्रे उपकर्णधाराकडे येतात. अशा रीतीने बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले.

पैंच्या या कृतीबद्दल आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. दुसऱ्याने दिलेल्या तासाभराच्या कर्णधारपदाने कोणाचे समाधान व्हावे? पण १९१३ मध्ये त्यांनी फक्त शब्द दिले होते. १९२० मध्ये त्यांनी आपल्या मालकीची वस्तू, मग ती थोड्या वेळापुरती का असेना, सोडली. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्या त्यागाची सुरुवात अशीच, जागेवरून उठण्याने होते. व्यासपीठावर बसून, खरे तर ही खुर्ची अमक्याची होती, असे म्हणणारे सज्जन आपणही खूप पाहिले आहेत. उठलेले मोजकेच.

आपण ज्या देशात राहतो त्या देशातील एक प्रसंग येथे आठवतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये बोस्टन सेल्टिक्स हा बास्केटबॉलचा विजेता संघ एका प्रदर्शनीय सामन्यासाठी केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहरी गेला होता. हॉटेलातील उपाहारगृहात सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स या दोघा कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला देण्यास नकार मिळाला. संघाचा आधारस्तंभ बिल रसेल आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंनी सामना न खेळता परत जायचे ठरवले. प्रशिक्षक रेड ऑरबाक यांनी आधी समजूत घालून पाहिली, मग स्वतः त्यांना विमानतळावर पोहोचवले. गोरे सहकारी मात्र थांबले आणि खेळले. मुंबई १९२० आणि लेक्सिंग्टन १९६१ या दोन्ही ठिकाणी संघ उरलेल्यांना घेऊन मैदानात उतरला, हे साम्य आम्हांस अस्वस्थ करते. रसेल १९६६ मध्ये त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. या व्यावसायिक स्पर्धेतील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत त्यांनी १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदे मिळवली. आपली मुले रसेल यांचे नाव शाळेत ऐकतात. पालवणकरांचे नाव त्यांना घरातूनच कळायला हवे.

मुंबईत पुढे काय झाले? १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण संपवून लंडनहून परतले, आणि त्याच वर्षी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. विठ्ठल यांच्या संघाने युरोपियनांना हरवून ती स्पर्धा जिंकली, आणि सवर्ण खेळाडूंनी आपल्या कर्णधाराला खांद्यावर उचलून घेतले. १९२६ पर्यंत ते कर्णधार राहिले. चार वर्षांत १९२३, १९२५ आणि १९२६ अशी तीन विजेतेपदे मिळाली. एका ताटात जेवण्यापासून एका आज्ञेत खेळण्यापर्यंत पोहोचायला १७ वर्षे लागली, आणि ती वाट १९२० च्या न खेळलेल्या सामन्यावरून गेली. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतून प्रसिद्ध केले. मराठी वाचता येणाऱ्या आपल्या पिढीने ते मिळवून वाचावे आणि मुलांना त्यातले सांगावे.

आता अवघड भागाकडे येऊ. हे नाव आपल्या घरांत फारसे का घेतले जात नाही, याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. बाळू पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेले. १९३२ मध्ये त्यांनी राजा-मुंजे कराराला पाठिंबा दिला. पुणे कराराच्या स्वाक्षऱ्यांत त्यांचेही नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. स्वतंत्र मजूर पक्षाच्या त्या विजयाचे मोल आपण जाणतोच, आणि बाळूंची ती राजकीय निवड चुकीची होती याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

पण मुलांना ही कथा सांगताना शेवटचे पान फाडून टाकावे, किंवा त्या पानामुळे सारे पुस्तकच कपाटात ठेवावे, हे दोन्ही आम्हांस पटत नाही. १९३७ कडे पाहताना आम्हांस पूना क्लबाचे नेट आठवते. युरोपियनांना सरावासाठी बाळूंचा हात हवा होता. जिमखान्याला विजयासाठी त्यांची फिरकी हवी होती. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर उभे करायला त्यांचे नाव हवे होते. प्रत्येक वेळी बाळूंकडून काय मिळेल याचा हिशेब आधी झाला. हे आमचे वाचन आहे. कोणी म्हणेल, की यातून बाळूंची स्वतःची जबाबदारी पुसली जाते. ती पुसली जाऊ नये. १९२० मध्ये त्यांच्या धाकट्या भावांना नाही म्हणता आले, मग १९३७ मध्ये त्यांना का आले नाही, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. मात्र तो विचारताना १९११ चा सत्कार विसरता येणार नाही.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. परदेशातील आपल्या संस्थांत जयंतीनिमित्त सामने भरतात, संघ निवडले जातात, कर्णधार ठरतात. त्या दिवशी सकाळपासून जेवणाची पातेली वाहणाऱ्या भगिनींकडून जो त्याग अपेक्षिला जातो, तो त्यांना विचारून अपेक्षिला जातो का? महार, चांभार, मातंग, ढोर अशी पूर्वाश्रमीची नावे आपण मागे टाकली असे म्हणतो. मग कार्यकारिणीतील अध्यक्षपद फिरताना ते कोणकोणत्या घरांवरून फिरते, हे एकदा मोजून पाहायला हरकत नसावी. यंदाच्या सामन्यांसाठी आमची एक साधी सूचना आहे. कर्णधाराची निवड सर्व खेळाडूंनी, मुलामुलींसह, चिठ्ठ्यांनी करावी, आणि गेली दोन वर्षे ज्यांनी हे पद भूषवले त्यांनी आपण होऊन यादीतून नाव काढून घ्यावे. चिठ्ठ्या मोजण्याचे काम मुलांकडे द्यावे.